माडावरचा भुंगा आणि त्याचा विषाणू

पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या एखाद्या भाटात उभे राहून माडाच्या शेंड्याकडे पाहा. नवी झावळ उलगडते तीच कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. खाली भोक, भोकातून चघळलेला चोथा बाहेर आलेला. हे काम गेंड्या भुंग्याचे. त्याला मारणारा विषाणू आलोइस ह्यूगर यांनी १९६३ साली मलेशियात शोधला. १९६७मध्ये तो सामोआत सोडला गेला, १९८०च्या दशकात आपल्या मिनिकॉय बेटावरही. पण विषाणू म्हटले की बागायतदार बिचकतो: गुरांना, पोराबाळांना बाधला तर?

बाधत नाही. विषाणू जिवाणूसारखा कुठेही वाढतो, हा समजच मुळात चुकीचा. पेशीबाहेर तो नुसता कण असतो. त्याची प्रथिने घडवतात ती पेशीतली रायबोझोम. भुंग्याच्या विषाणूच्या नात्यातल्या, अळ्यांवरच्या बॅक्युलोव्हायरस या विषाणूमध्ये हे फार बारकाईने उलगडले आहे. आत शिरलेला विषाणू पेशीचेच ॲक्टिन हे प्रथिन जुळवून त्याच्या रेट्यावर केंद्रकाकडे सरकतो. सुरुवातीची जनुके पेशीच्या आरएनए पॉलिमरेज या विकराकडून वाचून घेतो.

म्हणजे सगळे पेशीच करते? तसेही नाही. उशिराच्या जनुकांसाठी विषाणू स्वतःचे पॉलिमरेज बनवतो. आणि पेशीही गप्प बसत नाही. संसर्गाची चाहूल लागताच ती आत्मनाशाची तयारी करते, म्हणजे विषाणूचा कारखानाच बंद. तेव्हा विषाणूचे पी-३५ हे प्रथिन पेशीची आत्मनाश घडवणारी विकरे जखडून ठेवते. ही झटापट मला या साऱ्यात सर्वात विलक्षण वाटते. प्रयोगशाळेत हा बॅक्युलोव्हायरस माणसाच्या यकृताच्या पेशीतही शिरतो, पण तिथे त्याची वाढ होत नाही. नुसते दार उघडून भागत नाही, आतली माणसे ओळखीची लागतात.

विषाणू सोडला की भुंगे पटापट मरतात, हाही गैरसमज. बाधित भुंगा काही आठवडे जगतो, कमी खातो, अंडी कमी घालतो आणि विष्ठेतून विषाणू गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, नेऊन पोचवतो. तिथल्या अळ्यांना तो लागतो. मात्र हा रामबाण नव्हे: ग्वाम बेटावर २००७मध्ये सापडलेल्या भुंग्यांवर जुन्या विषाणूचा फारसा परिणाम झाला नाही.

म्हणून गायरी वेळेवर उपसा, माडाचे कुजके ओंडके भाटात पडू देऊ नका. शेंड्यात भोक दिसले तर जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत भुंगा घेऊन जा आणि विचारा.