तातोपानी, उन्हाळे आणि ऐन हारा

दिवाळी झाली, की मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पुढच्या उन्हाळी सुट्टीच्या जाहिराती फिरू लागतात. त्यांत एक हमखास असते, हिमालयातल्या ट्रेकची. आठ-दहा दिवस, सोबत वाटाड्या, वाटेत जुनी गावं आणि देवळं, आणि शेवटच्या मुक्कामी गरम पाण्याच्या कुंडात स्नान. ही सहल चांगलीच असते. तुम्ही जरूर जा. पण वाचकहो, जाण्यापूर्वी याच बेताची एक दुसरी सहल तुम्ही करावी असं मला सुचवायचं आहे. तिच्यासाठी एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागत नाही. जेद्दाहून सकाळी निघालात तर दुपारचं जेवण पहिल्या गरम झऱ्याजवळ होईल.

मी आयुष्यभर महाराष्ट्रात भूशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लेक-जावयाकडे दर हिवाळ्यात जेद्दाला येतो. त्यामुळे दगड आणि पाणी या दोन गोष्टींविषयी मी जरा जास्तच बोलेन, ते सहन करावं.

हिमालयातला नमुना

अशा ट्रेकचा उत्तम नमुना म्हणजे नेपाळमधली काली गंडकीची वाट. सुमारे ३,७०० मीटर उंचीवरच्या मुक्तिनाथाचं दर्शन घ्यायचं आणि कागबेनी, मार्फा अशा दगडी गावांतून खाली उतरत सुमारे १,२०० मीटरवरच्या तातोपानी गावी पोचायचं. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीच्या पात्रातला. तो म्हणजे एका समुद्री प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म. भारताची भूमी आशियाला भिडली आणि मधला समुद्रतळ वर उचलला गेला, म्हणून समुद्रातला शंख हिमालयात सापडतो. ही टक्कर सुरू झाली साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी, आणि ती अजून संपलेली नाही. त्या दाबाने खडकांना खोलवर भेगा पडल्या. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून खाली जातं, तापतं आणि वर येतं. यमुनोत्रीच्या सूर्यकुंडात फडक्यात बांधलेले तांदूळ शिजतात आणि मणिकरणच्या गुरुद्वारात लंगरचं अन्न याच पाण्यावर शिजतं, ते यामुळेच.

आता नावं पाहा. नेपाळीत तातोपानी, हिमाचलात तत्तापानी, दोन्हींचा अर्थ तापलेलं पाणी. आपल्या कोकणात उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे आणि खानदेशातलं उनपदेव, या सगळ्यांत ‘ऊन’ म्हणजे उष्ण. आणि सौदी अरेबियात अशा झऱ्याला म्हणतात ऐन हारा. ऐन म्हणजे झरा, हारा म्हणजे गरम. हिंदी-उर्दूतला ‘हरारत’ हा शब्द याच अरबी धातूपासून आला आहे. चारही ठिकाणच्या लोकांनी नावाची फार सजावट केली नाही. पाणी गरम आहे एवढंच सांगितलं.

तिहामा म्हणजे इथलं कोकण

सौदीचा नकाशा मुलांसमोर उघडा. पश्चिमेला तांबडा समुद्र. त्याच्या कडेने अरुंद, दमट किनारपट्टी, तिचं नाव तिहामा. तिच्या पूर्वेला एकदम उभा राहणारा डोंगरकडा, तो सरावत. कड्यामागे पठार, आणि ते हळूहळू पूर्वेकडे उतरत जातं. आता तिहामाच्या जागी कोकण वाचा, सरावतच्या जागी सह्याद्री आणि पठाराच्या जागी देश. रचना तीच आहे. सरावतवरून तिहामात उतरणाऱ्या वाटेला इथे ‘अकबा’ म्हणतात, आपण ‘घाट’ म्हणतो.

हे साम्य वरवरचं नाही. दोन्ही कडे म्हणजे भूखंड तुटल्यावर उरलेल्या कडा आहेत. आपल्या पश्चिमेचा भूभाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास सुटा झाला. त्याचा तुकडा आज सेशेल्स बेटांच्या रूपाने हिंदी महासागरात आहे. अरबस्तान आफ्रिकेपासून फाटायला सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली, आणि तांबडा समुद्र आजही वर्षाला जेमतेम एक-दीड सेंटिमीटर रुंदावतो आहे. खडक मात्र वेगळे. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, तर सरावतचा पाया ग्रॅनाइटसारख्या पन्नास कोटी वर्षांहून जुन्या खडकांचा.

जमीन फाटते तिथे भेगा पडतात. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. भेगेतून दोन-तीन किलोमीटर खाली गेलेलं पाणी झटपट वर आलं तर गरमच येणार, त्याला ज्वालामुखी लागत नाही. म्हणूनच वज्रेश्वरी, गणेशपुरी, महाडजवळचं सव, दापोलीजवळचं उन्हवरे, संगमेश्वरजवळची तुरळ आणि राजवाडी, राजापूरचं उन्हाळे ही आपली कुंडं सह्याद्रीच्या पायथ्याशी दक्षिणोत्तर रांगेत आहेत. आणि इथले अल-लीथचे व जाझानचे झरे सरावतच्या पायथ्याशी आहेत.

सहा दिवसांचा बेत

पहिला दिवस. जेद्दाहून किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर अल-लीथ. तिथून आत, डोंगरांच्या दिशेने गुमैका गावाजवळ ऐन हारा. उगमाशी पाणी ८० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे अंडं उकडण्याइतकं. स्नान करायचं ते प्रवाहात पुढे गार होत गेलेल्या पाण्यात.

दुसरा दिवस. किनारा सोडून मिखवाकडे, आणि तिथून जी ऐन या गावाकडे. पांढऱ्या संगमरवरी टेकडीवर दगडी घरं चढत गेली आहेत, काही घरं चार मजली. या गावाचा झरा गरम नाही, पण बारमाही आहे. त्याच्या पाण्यावर गावकऱ्यांनी काय लावलं आहे ते ऐका. केळी, तुळशीची बहीण असलेलं रैहान आणि कादी. कादी म्हणजे आपला केवडा! इथे उभं राहून रत्नागिरीची आठवण न येणारा कोकणी माणूस मला दाखवा. पुढे बोगद्यांमागून बोगदे ओलांडत घाट चढला, की दोन हजार मीटरवरचं अल-बाहा येतं. इथे स्वेटर काढावा लागतो.

तिसरा दिवस. डोंगरमाथ्याच्या रस्त्याने नमास आणि तनूमावरून अबहा. तनूमाजवळ दोन-तीन तासांची चांगली चाल होते. जुनिपरची झाडं आणि कड्याखाली साचलेलं धुकं पाहत चालायचं. बबून माकडं हातातली पिशवी ओढतात. माथेरान पाहिलेल्यांना हे सांगायला नको. त्यांना खाऊ देऊ नका.

चौथा दिवस. अबहाजवळ सौदा भागात डोंगर सुमारे ३,००० मीटरपर्यंत चढतात. त्या भागात मोठं बांधकाम चालू आहे, म्हणून कोणती वाट खुली आहे ते आधी विचारून घ्या. खाली रिजाल अलमा गाव आहे. उंच दगडी घरं आणि खिडक्यांभोवती पांढऱ्या गारगोटीच्या ओळी. येमेनकडून येणारे व्यापारी तांडे इथून जात. गावकऱ्यांनी आपापल्या घरातल्या वस्तू देऊन इथे संग्रहालय उभं केलं आहे. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटन-गावांत याची निवड केली.

इथे ‘अल-कत्त’ नीट पाहा. असीरच्या बायका पाहुण्यांच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर रंगीत पट्टे, त्रिकोण आणि चौकोन रंगवतात. शेजारणी आणि नातलग बायका मदतीला येतात, आणि आईकडून लेकीकडे ही कला जाते. २०१७ साली युनेस्कोने ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे वारली घरात लग्नाच्या वेळी सवाशिणी चौक लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. रंग वेगळे, पण घर सजवायचा मान तोच. आणि या भागातले काही पुरुष डोक्यावर फुलांची वेणी घालतात, झेंडूसारखी पिवळी-केशरी फुलं आणि सुवासिक पाला. दसऱ्याला दाराला झेंडू बांधणाऱ्या मुलांना हे फार आवडतं.

पाचवा आणि सहावा दिवस. घाट उतरून जाझान. अल-आरिदा आणि बनी मालिक भागांत गरम झरे आहेत, तर फैफाच्या डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. इथल्या खौलानी कॉफीची लागवड आणि तिच्याभोवतीचं ज्ञान यांचाही २०२२ साली युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. शेतकऱ्याकडे बसून वेलदोडा घातलेली ती फिकट कॉफी घ्या. पुरे झाल्यावर पेला किंचित हलवायचा, नाहीतर तो भरतच राहतो. जाझानहून विमानाने परत यावं. रियाध-दम्मामच्या मंडळींनी अबहापर्यंत विमानाने येऊन शेवटचे तीन दिवस केले तरी चालेल.

काही सूचना

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात अबहा सुखद असतं, पण तिहामा भाजून काढतो.

परवानाधारक स्थानिक वाटाड्या घ्या. नेपाळने २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना वाटाड्या बंधनकारक केला आहे. इथे तशी सक्ती नसली तरी वाटाड्या हवाच. खाजगी शेत कुठलं, बायकांच्या स्नानाची जागा आणि वेळ कोणती, फोटो कुणाचा काढायचा नाही, हे त्यालाच माहीत असतं. जाझानचा डोंगराळ भाग येमेन सीमेला लागून आहे. प्रत्येकाचा इकामा जवळ ठेवा आणि वाटाड्या नाही म्हणाला तिथे जाऊ नका.

वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, तंबू ठोकू नका. वर डोंगरात पाऊस पडला, की स्वच्छ आकाशाखालीही लोंढा येतो.

गरम पाण्यात आधी हात घालून पाहा. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. हृदयविकार, मधुमेह, कमी रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. माझ्या वयाच्या मंडळींनी एकट्याने उतरू नये. झऱ्याचं पाणी पिऊ नका.

तायफमार्गे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. मक्केच्या हरम हद्दीत गैरमुस्लिमांना प्रवेश नाही. बाह्यवळणाच्या पाट्या पाहूनच गाडी चालवा.

हे आत्ताच का

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अमेरिकेतलं किंवा इंग्लंडमधलं मराठी कुटुंब तिथे मुरतं, तिथलं नागरिक होतं. आपलं इथलं वास्तव्य इकाम्याच्या तारखेवर चालतं. आज ना उद्या ‘फायनल एक्झिट’ आहेच. २०१७ साली आश्रितांवर मासिक शुल्क लागू झालं, तेव्हा कित्येक कुटुंबांनी काही महिन्यांत सामान बांधलं. मुलांची मुदत तर ठरलेलीच असते. बारावी झाली, की बहुतेक जण पुण्याला, मुंबईला किंवा आणखी दूर शिकायला जातात. पुण्यात मी अशी बरीच मुलं शिकवली. वसतिगृहात कुणी विचारतं, ‘तू सौदीची ना? तिथे काय असतं?’ सतरा वर्षं ज्या देशात काढली, त्याबद्दल त्या मुलीकडे दोन शब्द असतात, ‘मॉल आणि वाळवंट’. सुट्टीत आपण तिला आजोळी नेलेलं असतं, दुबईला नेलेलं असतं. ज्या मातीवर ती वाढली ती मात्र गाडीच्या काचेतून पाहिलेली असते. मग पुण्यात ती सौदीची असते आणि सौदीत भारतीय, आणि दोन्हीकडे सांगायला तिच्याजवळ काही नसतं.

ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत, त्यांच्या हातात थोडीच वर्षं आहेत. झरेही थांबून राहत नाहीत. सतलजकाठचं तत्तापानी कोलधरणाच्या जलाशयात बुडालं. पूर्वेकडच्या अल-अहसामध्ये, पंचवीस लाख खजुरीच्या झाडांच्या त्या प्रचंड हिरव्या पट्ट्यात, उम्म सबा आणि ऐन नजम यांसारख्या झऱ्यांचं कोमट पाणी एकेकाळी आपल्या दाबाने वर येत असे. उपसा वाढला, पातळी खाली गेली, आणि तिथे पंप बसवावे लागले. दम्मामच्या वाचकांना हे धडे घ्यायला दूर जायला नको, अल-अहसा दोन तासांवर आहे.

जी ऐनच्या घरांत आज कुणी राहत नाही. माणसं नव्या घरांत आणि शहरांत गेली. कोकणातली कुलूप लावलेली घरं आपण पाहिली आहेत, आपल्यापैकी काहींची तर स्वतःचीच आहेत. जी ऐनला मुलांना हे जरूर सांगा. पोटासाठी गाव सोडणं ही फक्त आपली गोष्ट नाही, या डोंगरातल्या माणसांनीही तेच केलं.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून गीझरच्या पाण्याने अभ्यंगस्नान कराल, तेव्हा मुलांना विचारा, गीझर नसता तर जमिनीतून गरम पाणी कुठे मिळालं असतं? वज्रेश्वरीचं नाव आजी सांगेल. ऐन हाराचं नाव शाळेत अरबी शिकणाऱ्या नातवाला सांगू द्या. मग नकाशा काढा आणि हिवाळ्यातले सहा दिवस आजच ठरवून टाका.

सर्व वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.