डालड्याच्या डब्यापासून विमानाच्या टाकीपर्यंत

वसतिगृहाच्या कोठीघरात ताडाचे चित्र असलेले पिवळे डबे ज्यांनी पाहिले, ते माजी विद्यार्थी आज साठीकडे झुकले असतील. पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप कसे होते, हा प्रश्न त्या वयात कोणाला पडत नसे. पोळीला तूप लागले म्हणजे झाले! त्याचे उत्तर निकेल या धातूत आहे. निकेलच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सेंद्रिय पदार्थांशी संयोग पावतो, हे दाखविणाऱ्या पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हीच युक्ती द्रव तेलांना लावण्याचे पेटंट जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये घेतले होते. धातू स्वतः खर्ची न पडता केवळ अभिक्रिया घडवून आणतो. म्हणून त्यास उत्प्रेरक म्हणतात.

तूप करताना हायड्रोजन तेलाच्या रेणूतील रिकाम्या जागा भरतो आणि थांबतो. परंतु तापमान ३०० ते ४०० अंश सेल्सिअस केले, दाब वातावरणाच्या कित्येक पटींनी वाढविला आणि ॲल्युमिनावर बसविलेले निकेल व मॉलिब्डेनम यांचे सल्फाइड वापरले, तर प्रकरण पुढे जाते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या कार्बनच्या तीन लांब साखळ्या. डिझेलही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचेच असते. फरक आहे तो सांध्यावरील ऑक्सिजनच्या सहा अणूंचा. ते काढून टाकले, की उरते ते थेट इंधन. ऑक्सिजन बहुधा पाणी होऊन बाहेर पडतो; काही वेळा कार्बनचा एक अणू सोबत घेऊन वायुरूपाने जातो व साखळी तेवढी आखूड होते. ग्लिसरॉलच्या कण्याचा प्रोपेन होतो, जो आपल्या घरच्या सिलिंडरमध्येही असतो. ऑक्सिजन सारा पाण्यावाटेच गेला असे धरल्यास, १०० किलो शुद्ध ओलेइक तेलास सुमारे ३.४ किलो हायड्रोजन लागून ८६ किलो इंधन, ५ किलो प्रोपेन आणि १२ किलो पाणी मिळते.

बायोडिझेल ते हे नव्हे. बायोडिझेलमध्ये तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया करतात आणि ऑक्सिजन तसाच राहतो.

अडचण अशी, की मिळालेली सरळ साखळी लवकर गोठते. अठरा कार्बनांची साखळी २८ अंशांवरच थिजते, म्हणजे कागलच्या थंडीतली सकाळही तिला सोसणार नाही. विमानाच्या इंधनाने तर उणे ४७ अंशांपर्यंत प्रवाही राहावे लागते. म्हणून प्लॅटिनमसारख्या धातूच्या उत्प्रेरकावर त्या साखळ्यांना फांद्या फोडतात व काही तोडून आखूड करतात. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून असे इंधन सिद्ध केले, आणि २७ ऑगस्ट २०१८ रोजी ते २५ टक्के मिसळून डेहराडूनहून दिल्लीस विमान गेले.

तेल मात्र आणायचे कोठून? आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागवितो. अशा वेळी शेंगदाणा-सोयाबीनचे तेल यंत्रात जाळणे मला पटत नाही. बांधावरच्या मोगली एरंडाकडून फार अपेक्षा बाळगल्या गेल्या. कोरड्या, हलक्या जमिनीत त्याने त्या पुरविल्या नाहीत. उरते ते तळून काळवंडलेले तेल. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तरी मोठ्या कढईतून निघालेले तेल स्वस्तात लहान गाड्यांवर पोहोचते आणि शेवटी गरिबाच्याच पोटात जाते. ते इंधनाकडे वळले, तर लाभ दुहेरी आहे. शिळ्या तेलातील मोकळी आम्ले बायोडिझेलच्या क्षारयुक्त रीतीत साबण करून बसतात; हायड्रोजनच्या रीतीला त्यांचा तितका जाच होत नाही. मीठ, पाणी व फॉस्फरस मात्र आधी काढावे लागतात, नाहीतर उत्प्रेरक निकामी होतो. शिवाय हायड्रोजन आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच बनतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

शाळेच्या स्वयंपाकघरात महिन्याला किती तेल उरते, हे मोजण्याचे काम नववीच्या मुलांना देता येईल. दहा किलो भरले, तर सुमारे अकरा लिटर इंधन होईल. भरलेला ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर जातो असे धरल्यास, तेवढ्यात तो महामार्गाने कागलहून निपाणीला जाऊन जेमतेम परत येईल.