ओटीवरून दिसलेलं माजघर

आमच्या सावर्ड्याहून चिपळूण जवळच, आणि चिपळूणची वाशिष्ठी समुद्राला मिळते ती दाभोळला. या दाभोळ बंदराशी तुर्कस्तानच्या सुलतानाच्या घरातली एक गोष्ट जोडलेली आहे.

ती सांगितली फरिश्ताने. विजापूरच्या दरबारी राहून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने इतिहास लिहिला. तो म्हणतो, आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा. १४५१ मध्ये मुराद वारला, थोरला मेहमद गादीवर आला आणि यूसुफला मारायचं ठरलं. आईने त्याच्यासारखा दिसणारा एक गुलाम मुलगा पुढे केला आणि आपलं लेकरू इराणमधल्या सावा गावच्या व्यापाऱ्याच्या हवाली केलं. पुढे तो मुलगा जहाजात बसला आणि उतरला तो आपल्या दाभोळला!

गोष्ट रंगतदार आहे, पण बहुतेक इतिहासकार ती खरी मानत नाहीत. मात्र तिच्यामागची चाल खरी होती. गादीवर येताच मेहमदने आपल्या तान्ह्या सावत्र भावाला मारवलं. राज्यात भाऊबंदकी नको, म्हणून या प्रथेला त्याच्या नावच्या कायद्याचाही आधार मिळाला. १५९५ मध्ये तिसरा मेहमद सुलतान झाला तेव्हा त्याचे १९ भाऊ मारले गेले. १६०३ मध्ये पहिल्या अहमदने मात्र भावाला जिवंत ठेवलं आणि हळूहळू ती चाल मागे पडली.

विजापूरला या घराण्याशी नातं सांगणं भूषणाचं वाटलं. युरोपातल्या अनेकांना त्याच घराण्यात क्रौर्य आणि विलास एवढंच दिसलं. मला वाटतं, दोघांनीही ते घर ओटीवरूनच पाहिलं.

'ओटी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. जुन्या सधन तुर्की घराचे दोन भाग असत. पुरुष पाहुण्यांना बसवायचं ते 'सेलामलिक', म्हणजे आपली ओटी. घरच्या माणसांचं ते 'हरेमलिक', म्हणजे आपलं माजघर. 'हरेम' या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे तो निषिद्ध, पवित्र, परक्याने पाऊल टाकू नये अशा जागेचा. सुलतानाच्या हरेममध्ये विकत आणलेल्या दासी होत्या, हेही खरंच. पण तिथला कारभार सुलतानाच्या आईच्या हाती असे. सामान्य घरात तर आई, बायको, मुली, सुना एवढाच परिवार. आत पाऊल न टाकलेल्या प्रवाशांनी मात्र या माजघराची मनाला येतील तशी वर्णनं लिहिली.

१७१७ मध्ये इंग्लंडच्या वकिलाची पत्नी मेरी वर्टली माँटेग्यू तिथे गेली. बाई असल्यामुळे तिला आत जाता आलं. तिने पाहिली ती मुख्यतः बड्यांची घरं, त्यामुळे तिचं चित्रही अपुरंच. पण आधीच्या प्रवाशांच्या थापा तिने आपल्या पत्रांत उघड केल्या, आणि तिथल्या बायकांकडून एक मोलाची गोष्ट शिकून घेतली. म्हाताऱ्या बाया देवीची लस अक्रोडाच्या टरफलात घेऊन घरोघर येत आणि सुईने ओरखडा काढून ती टोचत. मेरीला स्वतःला देवी येऊन गेल्या होत्या. तिचा भाऊ तर देवीनेच गेला होता. १७१८ मध्ये तिने इस्तंबूलला आपल्या मुलाला टोचून घेतलं आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीला. या टोचण्यात जोखीम होती, पण इंग्लंडमध्ये तिचा प्रसार व्हायला मेरीची धडपड कारणी लागली. जेन्नरची गाईच्या देवीची सुरक्षित लस आली ती पुढे १७९६ मध्ये. बाहेरून नाकं मुरडणाऱ्यांच्या हाती हे ज्ञान कधी लागलं असतं?

१९२२ मध्ये सुलतानी संपली, पण घरातल्या कितीतरी चाली राहिल्या. ईदला धाकटे थोरांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावतात आणि थोर त्यांच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवतात. मुलीला मागणी घालायला मंडळी आली, की मुलगी कॉफी घेऊन येते. नवऱ्या मुलाच्या पेल्यात साखरेऐवजी मीठ घालायची गंमतही होते. आपल्याकडे कांदेपोहे, तिकडे कॉफी! तुर्की कॉफीच्या या परंपरेची युनेस्कोनेही २०१३ मध्ये नोंद घेतली.

लहानपणी आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातल्या दारांवर पडदे असत. त्यांच्या आड काय असेल, याबद्दल आम्ही मुलं काय काय बोलायचो! एकदा आईचा हात धरून मी आत गेलो. चुलीवर तांदळाची भाकरी फुगत होती आणि माझ्याच वर्गातल्या पोराला गणितावरून बोलणी बसत होती. अगदी माझ्या घरी बसत तशीच.

तेव्हापासून परक्या घराबद्दल किंवा परक्या देशाबद्दल कुणी काही सांगू लागलं, की मी आधी विचारतो, तुम्ही आत गेला होतात का, की ओटीवरूनच परत आलात?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)