होडीचं इंजिन: दुरुस्त करायचं की बदलायचं?

(या भागाचं शब्दांकन)

आजचा प्रश्न एका श्रोत्याचा. मित्रांनी वर्गणी काढून ३० फुटी जुनी शिडाची होडी घेतली. आतलं डिझेल इंजिन सकाळी सुरू व्हायला कुरकुरतं आणि धूर ओकतं. मेकॅनिक म्हणतो, "नवीनच टाका."

आता कोणी म्हणेल, शिड आहे ना, मग इंजिन कशाला? असं समजा, गेटवेसमोर वारा पडलाय, ओहोटी ओढतेय आणि समोरून मांडव्याची फेरीबोट येतेय. मुंबईत उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे प्रवाहाला जोर असतो. तिथं इंजिनच तुम्हाला बाजूला काढतं. म्हणून घाईत निर्णय नको.

पहिलं म्हणजे, वय बघून इंजिन भंगारात काढू नका. नीट ठेवलेलं डिझेल इंजिन २०-३० वर्षंही चालतं. खरा प्रश्न असा: बिघाड इंजिनच्या पोटात आहे की बाहेर?

सुरू होत नसेल तर आधी बॅटरी, फिल्टर, डिझेलमधलं पाणी आणि लाइनमधली हवा तपासा. ही कामं स्वस्त आहेत.

मग धूर बघा. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा लोड जास्त आहे. कधी नुसते पंख्याला शिंपले चिकटलेले असतात! पांढरा धूर थंड इंजिनला थोडा वेळ चालतो. थांबतच नसेल तर डिझेल नीट जळत नाहीये किंवा आत पाणी शिरतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, बहुतेक रिंगा झिजल्यात.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. सगळ्या सिलिंडरचे आकडे मॅन्युअलमधल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ आले, तर दुरुस्तीच करा.

पण एक गोष्ट विचारा: थंड करायला खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं का? तसं असेल तर गंज आतूनच खातो, आणि ब्लॉक सडला की दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही. ब्लॉकमध्ये कूलंट आणि खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमध्ये असेल, तर खराब झालेला एक्स्चेंजर तेवढा बदलता येतो. पार्ट मिळणंच बंद झालं असेल, तरीही नवीन घ्या.

आता पैसे. नव्या इंजिनची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. जुन्या बैठकीवर ते बसेलच असं नाही. माउंट, शाफ्टची अलाइनमेंट, पंखा, एक्झॉस्ट, वायरिंग, सगळं वाढत जातं. म्हणून कोटेशन मागताना सांगा, "पाण्यात चालवून देईपर्यंतचा आकडा द्या." माझा अंदाजाचा हिशोब असा: दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या वर गेली, तर नवीन.

तर मित्रा, मेकॅनिकला एवढंच विचार, "कॉम्प्रेशन किती आलं?" टेस्ट न करताच तो "नवीन टाका" म्हणत असेल, तर इंजिनच्या आधी मेकॅनिक बदल!

भेटू पुढच्या भागात.