सूज आलीये? मेडिकल नको, डॉक्टर गाठा!

दौंड शटल असो की शिरूरची एसटी, क्रिकेट खेळताना मुरगळलेल्या पायावर आपण तासभर बोलतो. लिंगाला सूज आली की मात्र गप्प! मग मेडिकलमधून खाजेची ट्यूब. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी वाढते. लाली, जळजळ असेल तर डॉक्टरांना दाखवा. सारखं होत असेल तर रक्तातली साखरही तपासा. पण मागे सरकलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजलं, किंवा चार तास ताठरता उतरली नाही, तर सकाळची वाट बघू नका. रक्तपुरवठा अडून कायमची इजा होऊ शकते. रात्रीच सरकारी रुग्णालय गाठा. आणि हो, केसपेपरच्या खिडकीवर सगळं सांगत बसायची गरज नाही. 'डॉक्टरांनाच सांगतो, अर्जंट आहे' एवढं पुरतं.