सायन्स सोडायचंय, पण नेमकं काय सोडायचंय?

पहिल्या वर्षाचे निकाल लागले की कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘मॅडम, मला सायन्स जमत नाहीये, बदलून मिळेल का?’ आतून प्रश्न येतो, ‘मेजर बदलायचाय की डिग्री?’ बाहेर शांतता. मुलगा वडिलांकडे बघतो, वडील मुलाकडे. काही वर्षं प्रवेश समितीवर काम करताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की, या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासूनच केलेली बरी. कारण दोन्ही गोष्टींचे नियम वेगळे आहेत.

मेजर बदलणं तुलनेनं सोपं. केमिस्ट्रीचा मुलगा त्याच बीएस्सीत राहून बॉटनीकडे वळतो, एवढाच तो बदल. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो नवा आराखडा दिला, त्यानुसार दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मेजर बदलण्याची विनंती करता येते आणि अशा विद्यार्थ्यांसाठी कॉलेजला मंजूर संख्येपेक्षा दहा टक्के जागा वाढवता येतात. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर सीजीपीए जास्त असलेल्या आणि पहिल्या वर्षात एकही विषय न राहिलेल्या विद्यार्थ्याला प्राधान्य. म्हणजे ‘हा विषय आवडतच नाही, मग अभ्यास कशाला’ म्हणून एटीकेटी लावून घेणारा मुलगा बदलाच्या रांगेत आपणच मागे जाऊन उभा राहतो. काही विद्यापीठांनी तर पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने ठेवून मेजर ठरवण्याचं काम दुसऱ्या वर्षावर नेलं आहे. तिथे त्या तीनपैकीच विषय हवा असेल तर बदलाचा अर्जच करावा लागत नाही.

डिग्री बदलायची तर खरं काम मार्कशीटवर होतं. समजा, एका मुलीने बीएस्सीचं पहिलं वर्ष फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन पूर्ण केलंय आणि तिला आता अर्थशास्त्र घेऊन बीए करायचंय. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात, वर्षाचे ४४. त्यातले २४ तिन्ही विषयांचे धरू, प्रत्येकी आठ. उरलेले २० भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली, ओपन इलेक्टिव्ह आणि एनएसएससारख्या उपक्रमांचे. हे २० बीएलाही लागतात, त्यामुळे ते बरेचसे तसेच्या तसे जातात. अडतं ते ओपन इलेक्टिव्हपाशी. हा पेपर आपल्या शाखेबाहेरचा असावा लागतो. तिने बीएस्सीला असताना हौसेने इतिहास घेतला असेल, तर बीएत आल्याबरोबर तो शाखेबाहेरचा उरत नाही! अशा वेळी कारकुनाच्या तोंडी होकारावर विसंबू नये.

आता विषयांचे २४. गणित अनेक कॉलेजांत बीएलाही असतं, म्हणून ते आठ वाचण्याची आशा आहे. केमिस्ट्री आणि फिजिक्स मात्र गेले. प्रयोगशाळेत एका क्रेडिटला तीस तास घालवावे लागतात, व्याख्यानाच्या दुप्पट. नेमके तेच तास इथे कामाला येत नाहीत. हिशेब केला तर ४४ पैकी २८ टिकले आणि १६ नव्याने मिळवायचे, त्यात अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे पेपर आलेच. ते दुसऱ्या वर्षात बसून भरून काढू द्यायचे की पुन्हा एफवायलाच बसवून २८ क्रेडिटची सूट द्यायची, हे विद्यापीठ ठरवतं, प्राचार्य नाही. म्हणून अर्जासोबत जुन्या अभ्यासक्रमाची प्रत जोडावी लागते. समकक्षता ठरवणाऱ्यांना पेपरच्या नावाशी कर्तव्य नसतं, आत काय शिकवलं ते बघायचं असतं.

‘पण माझे क्रेडिट तर बँकेत जमा आहेत’, असं मुलं म्हणतात. आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये ते जास्तीत जास्त सात वर्षं राहतात, आणि मध्येच शिक्षण सुटलेल्याला त्याचा मोठाच आधार आहे. पण खात्यात आहेत म्हणून समोरच्या अभ्यासक्रमाने ते स्वीकारलेच पाहिजेत असं नाही. शिवाय पदवी ज्या विद्यापीठाची, त्याच विद्यापीठाचे किमान निम्मे क्रेडिट लागतात.

उलट्या दिशेचा रस्ता अरुंद. बारावी सायन्स झालेल्याला बीए, बीकॉम खुलं असतं. बारावी कॉमर्सवाल्याला बीएस्सी फिजिक्स आजवर बंदच होतं. आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी प्रवेश परीक्षा देऊन शाखा ओलांडण्याची वाट ठेवली आहे, तेव्हा आपलं विद्यापीठ अशी परीक्षा घेतं का, हे आधी विचारावं. इंजिनिअरिंग आणि मेडिकलला यातलं काहीच लागू नाही, तिथे सीईटी आणि नीटच.

पैशाचं एक सांगितलं पाहिजे, कारण तिथेच घरं पोळतात. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि ज्यांना पहिल्या काही आठवड्यांतच चूक उमगते, त्यांच्यासाठी फी परतीचं, आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेतलं कोष्टक: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी सोडलं तर किरकोळ कपात करून पूर्ण फी, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढे शून्य. मूळ मार्कशीट अडकवून ठेवण्याचा कॉलेजला अधिकार नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे.

मन पक्कं होत नसेल तर बीएस्सी न सोडताही बीए करता येतं. २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी आहे, आणि त्यातला एक नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून करता येतो. वर्षभर तसं करून पाहिलेलं वाईट नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने उत्साहात आधी प्रवेश रद्द केला, टीसी घेतली आणि मग दुसऱ्या कॉलेजात गेला. तिथे जागा नव्हती. परत आला तोवर त्याची जुनी जागाही दुसऱ्याला गेली होती. वर्ष गेलं. तेव्हा रद्द करण्याचा अर्ज सगळ्यात शेवटी द्या. त्याआधी नव्या ठिकाणी जागा आहे आणि तुमचे किती क्रेडिट धरले, या दोन गोष्टी सही-शिक्क्यासह कागदावर घ्या, आणि त्या कागदाची एक झेरॉक्स घरी ठेवा.