कामगार संघाचे सभासदत्व : ऐच्छिक व सक्तीचे

वेतन, कामाचे तास, नोकरीची शाश्वती व कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांबाबत मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्यासाठी कामगारांनी स्थापन केलेली कायम स्वरूपाची संस्था म्हणजे कामगार संघ. अशा संघात सामील होणे हे सामान्यतः कामगाराच्या इच्छेवर अवलंबून असते. परंतु काही देशांत व उद्योगांत संघाचे सभासदत्व ही नोकरीची अट करण्यात आली. संघाच्या सभासदांनाच नोकरीत घेण्याच्या प्रथेस ‘क्लोज्ड शॉप’ असे म्हणतात, तर नोकरीवर घेतल्यानंतर ठराविक मुदतीत सभासद होणे बंधनकारक करणाऱ्या प्रथेस ‘युनियन शॉप’ अशी संज्ञा आहे. भारतीय कायद्याने यांपैकी कोणतीही प्रथा स्वीकारली नाही. तथापि संघास मान्यता देण्याच्या पद्धतीमुळे सक्तीचा प्रश्न येथेही निराळ्या रूपाने उपस्थित झाला. खानदेशातील, म्हणजे जळगाव व धुळे भागातील, औद्योगिक परिस्थिती लक्षात घेतल्यास या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

खानदेशातील पार्श्वभूमी : तापी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापसाचे पीक आणि मुंबईशी जोडणारा लोहमार्ग यांमुळे या प्रदेशात सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने आणि त्यामागोमाग कापडगिरण्या निघाल्या. जळगाव येथील खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल ही एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील. विसाव्या शतकात अमळनेर येथे प्रताप मिल, धुळे येथे न्यू प्रताप मिल व चाळीसगाव येथे लक्ष्मीनारायण मिल चालू झाल्या. मुंबईत एका गिरणीतून काढलेला कामगार दुसऱ्या गिरणीच्या दारात उभा राहू शके. अमळनेर वा चाळीसगाव यांसारख्या गावी ती सोय नव्हती. तेथे गावाचा व्यापार, घरभाडी व आठवड्याचा बाजार एका गिरणीच्या पगारावर अवलंबून असे. अमळनेरच्या गिरणीचे संस्थापक मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिरासारख्या संस्थेस आश्रय दिला. मालक उदार असला तरी एकच मोठा मालक असलेल्या गावात एकट्या कामगाराची सौदाशक्ती अत्यल्प राहते. कामगार संघाची गरज या विषमतेतून निर्माण होते.

साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी १९३० नंतरच्या दशकात अमळनेर व धुळे येथील गिरणी कामगारांना संघटित करण्याचे कार्य केले. शेतसाऱ्याचा प्रश्न व गिरणी कामगारांचा प्रश्न ते एकाच वेळी हाताळीत. गिरणीत काम करणारे पुष्कळसे लोक आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतून आलेले असल्याने हे दोन्ही प्रश्न एकाच घरात भेटत असत.

कायद्याची चौकट : कामगार संघ अधिनियम, १९२६ नुसार कोणत्याही ७ व्यक्तींना संघाची नोंदणी करता येत असे. २००१ च्या दुरुस्तीने आस्थापनेतील निदान १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद नोंदणीसाठी आवश्यक ठरविले. या अधिनियमाने संघास नोंदणी दिली. मात्र मालकाने त्याच्याशी बोलणी केलीच पाहिजेत, असे बंधन घातले नाही. मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती १९४७ मध्ये संमत झाली, परंतु ती अंमलात आणली गेली नाही.

मुंबई प्रांताने वेगळा मार्ग अनुसरला. मुंबई औद्योगिक विवाद अधिनियम, १९३८ यात संघांची वर्गवारी करण्यात आली व संपावर निर्बंध घालण्यात आले. या विधेयकाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला. त्यानंतरच्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ ने ‘प्रातिनिधिक संघ’ ही कल्पना दृढ केली. एखाद्या स्थानिक क्षेत्रातील विशिष्ट उद्योगात लागोपाठ तीन महिने निदान २५ टक्के कामगार ज्या संघाचे सभासद असतील, त्याची प्रातिनिधिक संघ म्हणून नोंद होई. त्याने केलेला करार त्या क्षेत्रातील त्या उद्योगाच्या सर्व कामगारांना, सभासद नसलेल्यांनाही, लागू पडे. न्यायालयापुढे कामगारांच्या वतीने उभे राहण्याचा अग्रहक्कही त्याचाच असे. कामगाराच्या इच्छेविरुद्धही प्रातिनिधिक संघास उपस्थित राहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गिरजाशंकर काशीराम खटल्यात (१९६२) दिला.

इतर उद्योगांसाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम केला. त्यानुसार ५० किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात मागील सहा महिने ३० टक्के सभासदत्व असलेल्या संघास मान्यता मिळविता येई. कामगाराने संघात जाऊ नये म्हणून मालकाने दडपण आणणे ही जशी अनुचित प्रथा ठरविली गेली, तशीच कामगारावर संघात येण्याची किंवा न येण्याची जबरदस्ती करणे हीदेखील संघाच्या बाजूची अनुचित प्रथा ठरली. सभासदत्वाची उघड सक्ती त्यामुळे बेकायदेशीर झाली. करार मात्र सर्वांना बांधील राहिला.

सक्तीच्या बाजूचे युक्तिवाद : (१) संघाने मिळविलेली वेतनवाढ, बोनस वा सुरक्षिततेची साधने सर्व कामगारांना सारखीच मिळतात, वर्गणी व लढ्याची झळ मात्र सभासदच सोसतात. एखाद्या गिरणीत १,००० कामगार असून त्यांपैकी २५० जण वर्गणी भरीत असतील, तर उरलेल्या ७५० जणांना वाढ विनामूल्य मिळते. लाभ असाच मिळणार असेल तर वर्गणी का भरावी, असा विचार प्रत्येकाने केला, तर संघच उरणार नाही. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये या तर्काची पद्धतशीर मांडणी केली. (२) सर्व कामगार एका संघात असल्यास मालकास एका गटाला दुसऱ्याविरुद्ध वापरता येत नाही. (३) संघाचे उत्पन्न निश्चित झाल्याने वकील, हिशेबनीस व पूर्णवेळ कार्यकर्ते नेमता येतात. (४) केलेला करार सर्वांकडून पाळून घेण्याची जबाबदारी संघ घेऊ शकतो. ही गोष्ट मालकासही सोयीची असते.

सक्तीविरोधी युक्तिवाद : (१) भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ज्या संघटनेतून बाहेर पडता येत नाही तिचे सभासदत्व या स्वातंत्र्याच्या आशयाशी विसंगत ठरते. (२) सभासद टिकवून धरण्याची चिंता नसलेले नेतृत्व बेफिकीर होण्याचा संभव असतो. (३) भारतातील बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटना राजकीय पक्षांशी निगडित आहेत. अशा वेळी संघाची सक्ती ही अप्रत्यक्षपणे पक्षाची सक्ती ठरू शकते. १९२६ च्या अधिनियमाने राजकीय निधी वेगळा ठेवण्याची व तो न देणाऱ्या सभासदास संघाच्या लाभांपासून वंचित न करण्याची तरतूद केली, ती या कारणासाठीच. (४) संघाने काढून टाकल्यास नोकरीही जाणार असेल, तर संघाचा पदाधिकारी हाच दुसरा मालक होतो. एकच गिरणी असलेल्या गावात हा धोका सर्वाधिक असतो. कारण ज्या परिस्थितीमुळे संघ आवश्यक ठरतो, त्याच परिस्थितीमुळे संघाविरुद्ध जाणाऱ्यास अन्यत्र आसरा राहत नाही.

प्रातिनिधित्वाचा पेच : सभासदत्व ऐच्छिक पण प्रतिनिधित्व सक्तीचे, या मधल्या व्यवस्थेचे गुणदोष महाराष्ट्रात प्रत्यक्ष अनुभवास आले. तिच्यामुळे संघांतील स्पर्धा आटोक्यात राहिली आणि लहान केंद्रांतील कामगारांनाही औद्योगिक न्यायालयाचा आधार मिळाला. परंतु २५ टक्के सभासद असलेल्या संघास उरलेल्या ७५ टक्क्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळाला व सभासदसंख्या वर्गणीच्या पावत्यांवरून ठरू लागली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपामागे वेतन व बोनस यांबरोबरच प्रातिनिधिक संघाविषयीचा असंतोषही होता. राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे कायदेशीर स्थान काढून घ्यावे व १९४६ चा अधिनियम रद्द करावा, अशा मागण्या पुढे आल्या. संघ बदलण्याचा मार्ग अरुंद असला म्हणजे कामगारांचा रोष उद्योगावर येतो, हे त्या संपाने दाखविले. राज्य परिवहन महामंडळाच्या २०२१–२२ मधील दीर्घ संपातही कर्मचाऱ्यांनी प्रस्थापित संघटनांच्या नेतृत्वाबाहेर जाऊन विलीनीकरणाची मागणी लावून धरली.

धुळे व चाळीसगाव येथील गिरण्यांचे १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. पुढील दशकांत खानदेशातील बहुतेक जुन्या गिरण्या ओसरत गेल्या. सक्तीचे किंवा ऐच्छिक, कोणतेही सभासदत्व बंद पडणारी गिरणी वाचवू शकत नाही. मात्र थकलेले वेतन, उपदान व भविष्यनिर्वाह निधी यांचा पाठपुरावा करण्यास संघटित कामगार अधिक समर्थ असतो.

रेल्वे व असंघटित क्षेत्र : भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय केंद्र असून तेथे रेल्वे कामगार चळवळीस जुनी परंपरा आहे. मे १९७४ मधील देशव्यापी रेल्वे संपानंतर अनेक कर्मचाऱ्यांना बडतर्फी व अटक यांना तोंड द्यावे लागले. रेल्वेत संघांच्या मान्यतेसाठी २००७, २०१३ व २०२४ या वर्षी गुप्त मतदान घेण्यात आले. वर्गणी न भरणाऱ्या कामगारासही त्यात मत देता येते, हा पावत्या मोजण्याच्या पद्धतीपेक्षा महत्त्वाचा फरक होय.

जळगावच्या डाळगिरण्या, धुळ्याचे यंत्रमाग, हंगामी जिनिंग कारखाने आणि केळीच्या घडांची चढउतार करणारे मजूर यांच्या बाबतीत प्रश्न सक्तीचा नसून मुळात संघ टिकण्याचा आहे. काम हंगामी, मालक अनेक व वर्गणी गोळा करणे अवघड, अशी तेथील स्थिती असते. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाद्वारे वेगळा उपाय योजला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या या कायद्यात सक्ती आहे, परंतु ती संघाच्या सभासदत्वाची नसून त्रिपक्षीय मंडळाकडील नोंदणीची आहे. मालक मजुरी व अधिभार मंडळाकडे भरतो आणि मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व रजा यांची व्यवस्था होते. लाभासाठी कोणत्याही एका संघाचा सभासद असणे आवश्यक नसते. मात्र नोंदणी मर्यादित ठेवल्यास नव्याने येणाऱ्या मजुरास दार बंद होते, हा दोष येथेही संभवतो.

इतर देशांतील अनुभव : अमेरिकेत १९४७ च्या टॅफ्ट–हार्टली कायद्याने ‘क्लोज्ड शॉप’ला बंदी केली व ‘युनियन शॉप’लाही मनाई करण्याची मुभा घटक राज्यांना दिली. ब्रिटनमध्ये सभासदत्व नाकारल्यामुळे बडतर्फ झालेल्या तीन रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८१ मध्ये निर्णय दिला आणि १९९० पर्यंत तेथील ‘क्लोज्ड शॉप’चे कायदेशीर संरक्षण संपुष्टात आले. कॅनडात न्यायमूर्ती रँड यांनी १९४६ मध्ये फोर्ड कंपनीतील तंट्याच्या निवाड्यात मधला मार्ग सुचविला. त्यानुसार कोणावरही सभासद होण्याची सक्ती नाही. परंतु वाटाघाटींचा लाभ सर्वांना मिळत असल्याने वर्गणीइतकी रक्कम सर्वांनी द्यावयाची असते.

मूल्यमापन : न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात ‘क्लोज्ड शॉप’ ही प्रथा भारतात व्यवहार्यही नाही व इष्टही नाही, असे मत दिले. त्याऐवजी मान्यताप्राप्त संघास पगारातून वर्गणी वळती करून घेण्याची सोय मिळावी, असे आयोगाने सुचविले. अशी कपात करण्यास कायद्याने कामगाराची लेखी संमती आवश्यक ठरविली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. एका आस्थापनेत अनेक संघ असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ हा एकमेव वाटाघाटी संघ मानावा व असा संघ नसल्यास निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघांची वाटाघाटी परिषद नेमावी, अशी तिच्यात तरतूद आहे. बहुमताची ही अट २५ किंवा ३० टक्क्यांच्या जुन्या मर्यादेपेक्षा अधिक प्रातिनिधिक आहे. परंतु विखुरलेल्या व हंगामी कामगारांच्या संघांना ती गाठणे कठीण आहे.

सक्तीने संघाची सभासदसंख्या वाढते. सभासदांचा विश्वास मात्र हिशेबाची उघड तपासणी, नियमित निवडणुका व गुप्त मतदान यांवर अवलंबून राहतो. दुसऱ्या बाजूस, सर्वांच्या हिताचा खर्च थोड्यांनीच सोसावा, ही स्थितीही न्याय्य नाही. सर्वांना लागू होणारा करार करण्यापूर्वी, सभासद नसलेल्यांसह सर्व कामगारांचे मत घेणे आणि वाटाघाटींच्या खर्चातील वाटा सर्वांकडून मागणे, या दोन गोष्टी एकत्र स्वीकारल्यास संघाचे बळ व व्यक्तीचे स्वातंत्र्य यांचा मेळ बऱ्याच अंशी घालता येतो.